थरथरणारे हिरे

दुपारी गिऱ्हाईक नसलं, की मी मोबाईलवर हिऱ्यांचा खेळ काढतो. एका रंगाचे तीन हिरे ओळीत आणले की ते विरून जातात आणि वरून नवे अलगद उतरत राहतात. कधी चाल सुचतच नाही. मग जरा गप्प बसलं, की त्यातलेच काही हिरे हळूच थरथरतात. ओरडणं नाही, हसणं नाही, नुसतं "बघ, इथं."

आठवीतच शाळा सुटलेला मी आटपाडीहून केरळात, सोनं गाळायच्या या दुकानात आलो, तेव्हा सगळंच नवं होतं. कुठलं आम्ल घ्यायचं ते विसरायचो. भट्टीवरचे जुने कारागीर तानाजीकाका गिऱ्हाइकासमोर मला कधी बोलले नाहीत. बरोबर त्या बाटलीवर बोटानं हळूच टकटक करायचे. घरापासून इतक्या लांब माणूस टिकतो तो बहुतेक अशाच खुणांवर.

उद्या काका कायमचे गावी चाललेत. भट्टी माझ्या एकट्याच्या हातात येणार, म्हणून सकाळपासून आम्लाच्या बाटल्या पुन्हा पुन्हा ओळीनं लावून बघतोय.

आत्ता ते शेजारी येऊन टेकले. माझं बोट मोबाईलवर थांबलेलं.

"आरं, त्यो निळा दिसंना व्हय तुला?"

निळा मला केव्हाच दिसला होता.

"न्हाई काका. दावा की."

त्यांनी काचेवर हळूच टकटक केलं.