टर्बो थंड होईपर्यंत

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ह्यांनी मुंबईहून एक लाल जपानी स्पोर्ट्स कार विकत आणली. जुनी, दोन दारांची, टर्बोवाली. अंबडच्या कारखान्यात नोकरी, घरात सासू-सासरे, दोन दीर, आणि साठवलेलं सगळं घालून आणलं काय, तर जमिनीला पोट घासणारं हे प्रकरण. मी दोन दिवस बोलले नाही.

द्वारका चौकाच्या अलीकडे गतिरोधक आला की मी खाली उतरायचं, म्हणजे गाडी हलकी व्हायची. मग साडी सावरत पलीकडे चालत जाऊन पुन्हा बसायचं. रिक्षावाले मजा बघत. एकाने तर एकदा, "वहिनी, मी सोडू का?" असं विचारलं.

पण ह्या गाडीचं एक पथ्य होतं. टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, तापलेला असतो, म्हणून घरी आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, नाहीतर आतलं तेल जळतं. मिनिटभर नुसतं बसून राहायचं. बसून करणार काय? आम्ही बोलायला लागलो. घरात नवऱ्याशी बोललेलं चौघांच्या कानांवर जायचं. इथे काचा बंद. हळूहळू मिनिटाची दहा मिनिटं झाली. सासूबाईंनी विचारलंच तर मी गंभीर चेहऱ्याने सांगे, "आई, टर्बो थंड होत होता."

मग मला दिवस गेले आणि गाडी विकायची ठरली. मागच्या सीटवर बाळाची दुपटीसुद्धा मावली नसती. हे लगेच तयार झाले, अडून बसले ती मी. कारण मात्र कुणाला सांगता येईना.

वणीकडचा एक द्राक्ष बागायतदार बायकोला घेऊन गाडी बघायला आला. फेरी मारून खूश झाला. ह्यांनी त्याला टर्बोचं पथ्य सांगितलं.

"लय भारी हाय. पण थंड व्हायला किती येळ लागतो?"

"एक मिनिट," हे म्हणाले.

"दहा," मी म्हणाले. ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बायकोला बजावलं, "अजिबात घाई करू देऊ नका."

गाडी गेली तेव्हा मला रडू आलं. अशा दिवसांत होतं असं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

महिन्याभराने साधी, चार दारांची गाडी आली. पहिल्या फेरीहून परत आलो, ह्यांनी इंजिन बंद केलं आणि उतरायला दार उघडलं. मी जागची हलले नाही.

"अगं, हिला टर्बो नाही."

"माहीत आहे मला."

त्यांनी दार पुन्हा ओढून घेतलं.