आयता उंट

हयवदनच्या घराण्याला बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली. त्याचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसत. त्याच भांडवलावर तो दर गणेशोत्सवात मंडळात विनोदी लेख वाचून दाखवी. पण गेल्या वर्षी, ब्याण्णव साली, त्याचा लेख असा पडला, की समोरची माणसं पंख्याकडे बघत बसली. यंदा लोक हसले नाहीत तर माइक हातचा जाणार, हे त्याला पक्कं कळलं होतं.

यंदा लेख मात्र झकास होता. साताऱ्याहून बदलून आलेल्या भगवंतरावांनी स्वतःवरच लिहून त्याला वाचायला दिलेला. शेजारच्या प्रेमाअक्का रोज कुंपणावरून सवयीनं कानडीत विचारतात, "ऊट आयता?" म्हणजे, जेवण झालं का? भगवंतरावांना वाटतं, बाई आयता उंट देऊ करतेय! मग तो बांधायचा कुठे, घरमालक काय म्हणेल, या काळजीनं ते वाळत जातात.

हयवदननं अक्कांसाठी खास चिरका आवाज बसवला. बायको मनस्विनी म्हणाली, "आवाज छान रे, पण इतकं बावळट कोण असतं? भाजीवालीसुद्धा चार दिवसांत शिकवते की!"

कार्यक्रमाआधी मंडपात प्रेमाअक्काच भेटल्या. त्यानं विचारलंच, "अक्का, भगवंतरावांना खरंच कळत नव्हतं?"

"न कळायला काय झालं! त्यांची बायको, कौशल्याबाई गेल्या, तेव्हापासून स्टोव्ह पेटवला नव्हता त्यांनी. मी विचारायची, हे नुसते बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, 'अक्का, उंट नको. स्वल्प भात असला तर द्या.' मला हसू आवरेना. तेही हसले, अन् जेवले बघ."

हयवदन पडद्यामागे जाऊन लेख पुन्हा वाचू लागला. कौशल्याबाईंचं नाव कुठेच नव्हतं. एक वाक्य त्यानं रटाळ म्हणून स्वतःच खोडलं होतं: 'उंट एकटा ठेवला तर चारा खात नाही म्हणे.' त्यावरची रेघ त्यानं खोडरबरानं पुसली.

स्टेजवर चिरका आवाज काही निघेना. लेखातल्या अक्का त्याच्या साध्याच आवाजात बोलल्या. मग ते वाक्य आलं आणि तो थांबला. कोणीतरी खोकलं. त्यानं पुढचं वाचलं, "घरमालक म्हणाले, दुसऱ्या उंटाचं भाडं वेगळं पडेल." आणि असा हशा फुटला, की माइक किंचाळला. तिसऱ्या रांगेत भगवंतराव सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

घरी जाताना मनस्विनी म्हणाली, "मधे थांबलास ते ओळ विसरलास ना? खरं सांग."

एरवी तो तासभर भांडला असता.

"हो," तो म्हणाला. "विसरलो."