वच्छलाबाईंचं कोमट पाणी

वच्छलाबाईंविषयी नीट लिहिता येईल असं मला वाटत नाही. पण त्यांच्याबरोबर काम केलेल्यांपैकी आता शहरात मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

त्या देवगाव रंगारीच्या. आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम त्यांच्याकडं होतं. संशयास्पद मृत्यूनंतर पोलीस व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे तुकडे, सीलबंद बरण्यांतून पाठवत आणि त्यात विष आहे का, ते आम्ही तपासत असू. भांड्याला आधीच्या नमुन्याचा अंश राहिला तरी निकाल चुकायचा.

त्या वर्षी सलग दुसरा दुष्काळ होता. शहर बायपासच्या पलीकडं वाढत होतं आणि टँकर आधी नव्या इमारतींकडं वळत. आमच्याकडं भांडी धुवायलाही पाणी पुरेना. आमच्या प्रमुख भानुमती मॅडमनी बैठक बोलावली. पावसाळ्यापर्यंत विषतपासणी बंद ठेवून सगळे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेकडं पाठवावेत, असा प्रस्ताव होता. तिथं ते रांगेत शेवटी लागणार, म्हणजे आणखी सहा-आठ महिने.

मला खुलताबादचा फकिरा आठवला. त्याचा भाऊ पुंडलिक बायकोला विष घातल्याच्या आरोपावरून वर्षभर तुरुंगात होता. फकिरा दर सोमवारी फाटकाशी यायचा.

"रिपोर्ट पोलिसांकडं जातो, इथं मिळत नाही," मी सांगायचो.

"ठावं हाय साहेब. नंबर कुठवर आला तेवढं सांगा."

आता त्याच्या भावाच्या प्रकरणापुढं फक्त अकरा प्रकरणं होती. हे बैठकीत बोलावं असं फार वाटलं. पण मी समोरच्या कागदावर तो आकडा नुसता गिरवत राहिलो.

कप उचलायला आलेल्या वच्छलाबाई मात्र थांबल्या.

"मॅडम, पाणी तर हाय की. रोज गटारात चाललंय."

"कुठलं, मावशी?"

"शुद्ध पाणी काढायच्या मशीनीचं."

ते यंत्र थंड ठेवायला त्याच्याभोवती नळाचं पाणी सतत खेळवावं लागे. ते नळीनं मोरीत जाई. यंत्रातून बाहेर आलेलं काहीही वापरायचं नाही, ही आम्हा सगळ्यांची सवय. त्यामुळं त्याकडं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"नळाचंच हाय ते, नुसतं कोमट झालंय. आमच्याकडं असलं पाणी सांडलं तर सासू घरात घ्यायची नाय."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "आणि कोर्टात वकिलानं विचारलं, भांडी कसल्या पाण्यानं धुतली, तर?"

"मग धुऊन झाल्यावर शेवटचं पाणी तपासा की. मशीनी तुमच्या, शिकलेले तुमी."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "मुकुंदराव, जमेल?"

"जमेल." त्या बैठकीतला माझा एवढाच शब्द.

मोरीपाशी पिंप आलं. भांडी त्या पाण्यानं धुवायची, शेवटी शुद्ध पाण्यानं खळबळायची आणि ते पाणी नमुन्यासारखंच तपासायचं, असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी त्यात साबणाचा अंश निघाला. वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि सगळी भांडी पुन्हा धुतली.

"मशीन खरं बोलतंय म्हणायचं," त्या म्हणाल्या, "आता माझी चूक लपायची नाय."

नंतर पाणी स्वच्छच येत गेलं. तपासणी बंद पडली नाही. महिन्याभरात पुंडलिकच्या प्रकरणाचा अहवाल पोलिसांकडं गेला. विष आढळलं नव्हतं.

पुढं दोन सोमवार फकिरा आला नाही. वच्छलाबाई सारख्या फाटकाकडं बघत. तिसऱ्या सोमवारी तो आला, तेव्हा बरोबर एक वाळलेला, अनोळखी माणूस होता. तो फाटकाजवळच्या नळाला ओंजळ लावून खूप वेळ पाणी पीत राहिला.

आतून वच्छलाबाईंचा आवाज आला, "पोटभर प्या हो पुंडलिकराव. पर नळ नीट बंद करा!"