तेवीस नंबरची वाटी

आमच्या शेडमध्ये माल कमी आणि किस्से जास्त निघतात. भट्टी महिन्यातून चार वेळा लागते, पण एकेका भट्टीतून निदान दोन किस्से तरी बाहेर पडतातच! मी केमिस्ट्री शिकलेली, त्यामुळे वजनं करणं आणि वहीत नोंदी ठेवणं हे माझं काम. पण माझ्या वहीत टेम्परेचरपेक्षा कोण काय म्हणालं हेच जास्त सापडेल.

आम्ही चौघं. कॉलेजातून रिटायर झालेले सर, ज्यांनी हौसेपायी सोलापूरच्या एमआयडीसीत ही शेड घेतली. भट्टी सांभाळणारे रफिकचाचा. वळसंगहून रोज एसटीनं येणाऱ्या महादेवीमावशी, ज्या चिनी मातीच्या ताटल्या-वाट्यांवर मोर, पोपट, कणसं असं काहीबाही इतकं सुंदर रंगवतात की बघत राहावं. आणि मी.

मावशींच्या रंगकामावर ग्लेझ चढवायचं, म्हणजे काचेचा पातळ, पारदर्शक थर. तो पाण्यासारखा स्वच्छ हवा आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा पडता कामा नयेत. त्याला इंग्रजीत क्रेझिंग म्हणतात. मावशी म्हणतात 'जाळी'. आणि या जाळीनं आमचं एक अख्खं वर्ष खाल्लं!

त्यात मावशींच्या अश्विनीचं लग्न ठरलं. स्थळ बार्शीचं. मुलगा चांगला, सासू गरीब, पण मुलाची आत्या! बघण्याच्या कार्यक्रमात या आत्याबाईंनी चहाचा प्रत्येक कप उजेडात धरून तपासला होता. मावशींनी ठरवलं होतं की रुखवतात सहा ताटल्या आणि सहा वाट्या स्वतःच्या हातच्या ठेवायच्या.

"तडा गेलेलं भांडं रुकवतात गेलं, तर ती बाई माज्या लेकीला जल्मभर बोलून दाखवंल," मावशी म्हणाल्या. "सर, जाळी पडायची न्हाय असं कायतरी करा की!"

* * *

भेगा पडताना आवाज होतो. टिंग! अगदी बारीक, चमचा कपाला लागावा तसा. हे आम्हाला पहिल्याच भट्टीत कळलं. वाट्या बाहेर काढल्या तेव्हा आरशासारख्या चकचकीत होत्या. सरांनी मला पेढे आणायला पाठवलं. मी पेढे घेऊन परत आले तर चाचा टेबलापाशी वाकून उभे.

"सर, बर्तनां बाता कररैं!"

टिंग. टिंग टिंग. अर्ध्या तासात सगळ्या वाट्यांवर जाळी! मावशींनी एक वाटी डोळ्यांजवळ नेली. "माज्या मोराचं तोंड बगा कसं झालंय. म्हातारा झाला की वो!"

पेढे मात्र खाल्ले. आणले होतेच.

* * *

तेव्हापासून नियम झाला. भट्टी उघडली की पंखा बंद, मोबाइल बंद, बोलणं बंद. मावशी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर रुमाल बांधायच्या आणि एकेका वाटीला कान लावायच्या. कान त्यांचाच सगळ्यांत तिखट.

पण शेजारी टॉवेलचा कारखाना! तिथले माग सुरू असले की टिंग काय, ढोल वाजला तरी ऐकू येणार नाही. मग आम्ही भट्टी निवली की वीज जायची वाट बघत बसायचो. आणि वीज गेली, माग थांबले, की चौघंही एका सुरात ओरडायचो, "गेली! गेली!"

एकदा कारखान्याचे मॅनेजर तणतणत आले. "तुमचा नेमका प्रॉब्लेम काय आहे? अख्खी एमआयडीसी शिव्या घालतेय आणि तुम्ही आनंदानं नाचताय!"

सर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "श्शू! वाट्या ऐकतोय."

बिचारे पुन्हा आले नाहीत. भेटले की लांबूनच नमस्कार करतात.

* * *

दिवाळीच्या सुमारास नऊ नंबरची ट्रायल होती. या वेळी तर नुसती जाळी नाही, अक्षरशः मच्छरदाणी! सर हादरले. दोन दिवस कागदावर आकडेमोड. "असं होऊच शकत नाही," एवढंच पुटपुटत होते. माझी वही तीनदा तपासली. मला तर रडूच यायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मी मावशींना सहज म्हटलं, "दारातली रांगोळी काय मस्त झालीय! अजून पुसली नाही."

"व्हय की! लई पांढरीशिप्पट हाय. तुमीच टेबलावर वाटीत काडून ठिवली हुती न्हवं?"

ग्लेझसाठी वजन करून ठेवलेली क्वार्ट्झची पावडर! मावशींनी तिचं कमळ काढलं होतं, आणि मी रिकामी वाटी बघून ती मिसळून झाली असं समजले होते. आता सर चिडणार म्हणून आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. पण सरांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. क्वार्ट्झ वाढवलं तर ग्लेझ दुधाळ होईल, म्हणून ते इतके दिवस हात आखडून होते. पण ते वगळल्यावर एवढी जाळी पडते, म्हणजे खरी चावी तिथंच होती!

"वाढवायचं!" सर ओरडले. "थोडं थोडं वाढवत जायचं! मावशी, तुम्ही ग्रेट आहात!"

"मग रांगुळी पुसू का ठिवू?" मावशींनी विचारलं.

* * *

फार बारीक भेगा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून वाटीला शाई फासायची आणि पुसायची. भेग असेल तर शाई आत बसते. एकदा ऐन ट्रायलच्या दिवशी शाई संपली. मी दुकानात जाऊन येईपर्यंत चाचांनी सोळा नंबरच्या वाटीत शेंगा चटणी घेतली, वर तेल ओतलं आणि कडक भाकरी मोडून निवांत जेवायला बसले. मी किंचाळलेच.

चाचांनी शांतपणे वाटी पुसून माझ्यापुढं धरली. आत लालबुंद रेघांचा नकाशा! शाईनं कधी एवढ्या स्पष्ट दिसल्या नव्हत्या.

"शाई नक्को," चाचा म्हणाले. "इसमें पेट बी भरता."

पुढं पुण्याहून सरांचे एक प्रोफेसर मित्र आले. वही चाळताना त्यांनी चष्मा वर केला. "डाय कोणता वापरता?"

सर अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "शेंगा चटणी. तिखट."

* * *

तेवीस नंबर! तो दिवस मी कधीच विसरणार नाही. लग्न बारा दिवसांवर आलेलं. सहा ताटल्या, सहा वाट्या भट्टीत. उघडली. वीज आमच्या नशिबानं गेलेलीच होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. मावशींचा कान एका वाटीवरून दुसऱ्या वाटीवर.

काही नाही!

मग भांड्यांना झटका द्यायला उकळतं पाणी, लगेच बर्फ. काही नाही! तीन वेळा केलं. चटणी लावली, पुसली. लख्ख! मोर असा ताजा की आत्ता ओरडेल. सरांनी चाचांना मिठी मारली, चाचांनी मला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं, आणि मावशी मटकन खाली बसून हसत हसत रडायला लागल्या. मला इतका आनंद माझ्या रिझल्टच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

फक्त सर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काही भेगा महिन्यांनी पडतात. मावशींना सांगू नकोस."

* * *

लग्न बार्शीच्या एका कार्यालयात, भर मे महिन्यात. रुखवताच्या टेबलावर मधोमध आमचा सेट. आत्याबाई आल्या. उंच, डोक्यावरून पदर, पदराआड हात घेतलेले. एक वाटी निरखून म्हणाल्या, "दिसायला बरी हाय. पर ही काचंची भांडी चार दिसांत तडकत्यात. तडा गेलेलं आमच्यात चालत न्हाय."

अश्विनीनं मान खाली घातली.

मावशी आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्यानं बोलल्या नाहीत. तेव्हाही बोलल्या नाहीत. त्यांनी वाटी उचलली, तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि खदखदती आमटी भरून बाहेर आल्या. आमटी बादलीत ओतली, आणि पाण्याच्या बाटल्यांच्या टबातला मूठभर बर्फ वाटीत टाकला. मग हातभर हिरवा चुडा कोपरापर्यंत सरकवून वर रुमाल बांधला.

आम्हाला सांगावं लागलं नाही. चाचा धावत बँडवाल्यांकडे गेले, "बंद करो! बंद!" सरांनी सगळे पंखे बंद केले. मी दिसेल त्याला मोबाइल बंद करायला लावला. तीनशे माणसं घामानं निथळत, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांत.

मावशींनी वाटीला कान लावला. समोरून आत्याबाईंनीही वाकून कान लावला. पैठणीतल्या मावशी आणि आत्याबाई, मध्ये एक वाटी.

टिंग.

अगदी बारीक. पण आम्ही चौघं तो आवाज झोपेतही ओळखू. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला.

आत्याबाई सावकाश सरळ झाल्या. मावशींकडे बघितलं, मग मान खाली घातलेल्या अश्विनीकडे.

"माजी बांगडी वाजली गं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वाटी झ्याक हाय. वाजवा रं!"

बँड सुरू झाला. आत्याबाईंनी वाटी आपल्या पदरानं कोरडी केली, टेबलावर मधोमध ठेवली, आणि मावशींचे दोन्ही हात हातात घेतले. मी शेजारीच उभी होते. मनगटापासून कोपरापर्यंत आत्याबाईंच्या हातांवर हिरवं गोंदण होतं. बाकी काहीच नव्हतं.