गुप्ते मॅडमचे उच्चार

गुप्ते मॅडम नव्या विद्यार्थ्याचं स्वागत कागदाच्या पट्टीने करायच्या. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी त्या स्वतः त्याच्या ओठांसमोर धरायच्या आणि 'पापा' म्हणायला सांगायच्या. पट्टी हलली की ती चुरगाळून टाकायच्या आणि म्हणायच्या, "हे इंग्रजी झालं. ते बाहेर ठेवून या." स्पॅनिशमधले प, त आणि क हवा न सोडता म्हणायचे असतात, आपल्या मराठीसारखेच. पण परकी भाषा म्हटली की आपल्याकडची मुलं, विशेषतः इंग्रजी शाळेतली, 'प'ला फुंकर मारतात आणि 'त'चा 'ट' करतात. त्यांतली बरीचशी पहिल्याच दिवशी रडकुंडीला यायची.

माझी पट्टी हलली नाही. आता कौतुक होणार असं मला वाटलं. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गाव विचारलं. मी सांगितलं, नामपूर, बागलाणातलं.

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "तिकडच्यांना हे जमतं. तोंडात दुसरी भाषा शिरलेलीच नसते."

वर्ग हसला. माझं नाव वंदना आहे, पण त्या वर्गात मी शेवटपर्यंत 'नामपूर' राहिले.

पंचवटीत भाजीबाजाराला लागून असलेल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्यांची बरीच वर्षं माद्रिदमध्ये गेली होती आणि परत येताना त्या एकट्याच आल्या होत्या. यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत पुरुषी वाटावेत असे बूट, आणि टेबलावर ऑलिव्हची बरणी. शिकवताना त्या एकेक ऑलिव्ह तोंडात टाकायच्या, आम्हाला कधी विचारायच्या नाहीत. खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवायच्या. खाली मेथीच्या जुड्यांचा पुकारा, रिक्षांचे हॉर्न, आणि वर आम्ही 'अ, ए, इ, ओ, उ' घोकत बसलेलो. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच. ते आखूड आणि स्वच्छ म्हणायचे, कुठेही ओढायचे नाहीत. बाजाराच्या गलक्यात ऐकू आलं तरच फोनवर ऐकू येईल, असं त्यांचं म्हणणं.

शिकवायच्या मात्र उत्तम. हे मी मनाविरुद्ध लिहिते आहे. त्यांनी सांगितलेला एकही नियम मी आजपर्यंत विसरलेले नाही, कारण प्रत्येक नियमात कुणाला तरी बोचणारं काहीतरी असायचं. 'ओला' म्हणजे नमस्कार. लिहिताना सुरुवातीला एच असतो, पण उच्चारात तो नसतो. त्यावर त्या म्हणायच्या, "एच दिसतो, ऐकू येत नाही. वर्गात तुम्हीही तसंच राहा." 'जे' या अक्षराचा उच्चार 'ज' नाही, घशातून घासून येणारा 'ख' आहे. तो मालेगावहून येणाऱ्या शबानाला पहिल्या फटक्यात जमला, कारण तिच्या घरच्या उर्दूत तो होताच. मॅडम तिला म्हणाल्या, "छान. एवढं एकच येतं तुला." एन या अक्षराच्या डोक्यावर लाटेसारखी खूण आली की त्याचा उच्चार 'न्य' होतो. ती खूण विसरलं तर वय किती वर्षं हे सांगता सांगता माणूस आपल्या पार्श्वभागाचा हिशेब देऊन बसतो. बँकेतल्या एका बिचाऱ्या गृहस्थांकडून त्यांनी ती चूक फळ्यावर लिहून घेतली आणि आठवडाभर पुसू दिली नाही.

मला लागलेला घाव वेगळा होता. एकदा तासाच्या मध्येच आईचा फोन आला. मी हळूच म्हणाले, "मी क्लासमा शे, आई. मंग करस फोन." आमच्या घरची बोली अहिराणी, तिच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात. मॅडमनी खडू खाली ठेवला. मग मला उभं करून स्पॅनिशमध्ये विचारलं, माद्रिद कुठे आहे? मी बरोबर उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "नाही, तुझ्या भाषेत सांग. माद्रिद स्पेनमा शे." पुढे कित्येक महिने वर्गात कुणी काही चुकलं की त्या माझ्याकडे बघून 'शे' म्हणायच्या आणि बाकीचे हसायचे. मी घरी आईशी मराठीत बोलायला लागले. आईने एकदा विचारलं, तू माझ्यावर रागावली आहेस का?

तरी मी क्लास सोडला नाही, कारण वरच्या पातळीचं स्पॅनिश शहरात दुसरं कुणी शिकवत नव्हतं आणि मला ते हवंच होतं. द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी कागदपत्रं सांभाळायची. आमचा माल स्पेनला जायचा, आणि परदेशी खरेदीदारांशी बोलायला कंपनीला एक माणूस हवा होता. ती जागा मला मिळणार असं साहेब स्वतः म्हणाले होते. फक्त गुप्ते मॅडमना एकदा विचारतो, म्हणाले.

मॅडमनी त्यांना काय सांगितलं ते साहेबांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना अवघड झालं होतं. हिला फोनवर बसवू नका, कंपनीची लाज जाईल. ती जागा आमच्याच वर्गातल्या एका मुलाला मिळाली. त्याचा 'त' अजून 'ट' होता.

त्या संध्याकाळी मी मॅडमना विचारायला गेले. त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं," एवढंच म्हणाल्या आणि मला पुढचा पाठ वाचायला सांगितलं. पाठ क्रियापदांचा होता. 'आब्लो' या शब्दात 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलते', आणि शेवटच्या 'ओ'वर खूण काढून तिथे जोर दिला तर 'तो बोलला'. एवढ्याशा रेघेने माणूस बदलतो, काळही बदलतो. मी वाचलं. त्यांनी एकही चूक काढली नाही. तेव्हाच मला कळलं की माझ्या उच्चारांत काही कमी नव्हतं.

पुढच्या वर्षी मी स्पॅनिशची परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाले, दुसऱ्या कंपनीत लागले. पेढे घेऊन गेले नाही. भेटलेले जुने विद्यार्थी मात्र मला समजवायचे: अगं, मॅडमनी तुला घडवलं. सोनं म्हणूनच तापवलं. तुझ्या भल्यासाठीच होतं ते. मी हो म्हणायचे आणि घरी येऊन माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून घ्यायचे, कारण कृतज्ञता काही केल्या मनात येत नव्हती.

मग मॅडमना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. पुण्याहून त्यांची भाची अदिती येऊन राहिली होती. तिने मला फोन केला. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणत होत्या की जी भाषा येईल ती बोलू द्या, आणि मावशीच्या तोंडून मराठीआधी स्पॅनिशचे तुकडे येत होते. घरात तर ते कुणालाच कळत नव्हते. तुम्ही याल का?

मी गेले. दया आली म्हणून नाही. मला त्यांना तसं बघायचं होतं.

त्या खुर्चीत बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून डोळ्यांत जे आलं ते ओळखीचंच होतं. नावड. मी समोर बसले आणि मुळाक्षरांपासून सुरुवात केली. मग आठवड्यातून दोनतीनदा जात राहिले. स्वर आले. 'त' आला. 'र' काही येईना. एका हलक्या 'र'चा 'पेरो' म्हणजे 'पण', आणि जीभ थरथरवून म्हटलेला 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. मॅडमच्या तोंडून येत होतं 'पेलो', म्हणजे केस.

"केस नको," मी म्हणाले. "कुत्रा हवा. पुन्हा."

अदिती अस्वस्थ झाली. आज राहू द्या, ताई, म्हणाली. मी राहू दिलं नाही. मॅडमनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलून माझ्यावर फेकला. माझी ओढणी भिजली. मी पेला उचलून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, पुन्हा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते संतापाचं होतं. आम्हा दोघींकडे त्या खोलीत एकमेकींचा राग सोडून दुसरं काही नव्हतं, आणि त्यावरच काम चाललं होतं. काही आठवड्यांनी 'र' आला. मागोमाग मराठीही येऊ लागली, एकेक शब्द करून.

अदिती त्यांना पुण्याला न्यायला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी मी शेवटची गेले. खोक्यांत पुस्तकं भरलेली होती. अदिती बॅगा बांधत होती. मी खुर्ची ओढून मॅडमसमोर बसले.

"मॅडम," मी विचारलं, "साहेबांना तुम्ही तसं का सांगितलंत? माझे उच्चार तेव्हा तयार होते."

त्यांनी बराच वेळ घेतला. शब्द शोधत होत्या की विचार करत होत्या, कळत नव्हतं.

"होते," त्या म्हणाल्या. "तयार होते." मग थांबून, "तू... आवडत नव्हतीस."

अदिती घाईने पुढे आली. "ताई, मावशीला म्हणायचंय की तुम्ही अजून चांगल्या व्हाव्यात म्हणून..."

मॅडमनी डावा हात वर करून तिला थांबवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "आवडत नव्हती. अजून... नाही."

प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं.

"मलाही तुम्ही आवडत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. बरोबर उत्तराला वर्गात कधीमधी डोलवायच्या, तशी.

मी खाली आले. बाजारात नेहमीसारखी गर्दी होती. गाडी काढायला जागा नव्हती म्हणून मी भाजीच्या पाट्यांमधून तिचं हॅंडल धरून चालत निघाले, आणि चालता चालता लक्षात आलं की मला खूप बरं वाटतं आहे. माझ्या भल्यासाठी काहीच नव्हतं. मी कुणाची ऋणी नव्हते. आईला तिथूनच फोन लावला. "काय करी राहिनी, आई?" असं विचारलं. पलीकडून ती भरभरून बोलत सुटली.

काही महिन्यांनी मॅडम पुण्यात वारल्या. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, कठोर पण प्रेमळ वगैरे मजकूर आला. अदितीने शोकसभा ठेवली होती. तिने सगळ्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. मलाही फोन केला. मी येणार नाही म्हणून सांगितलं.

तिने कारण विचारलं नाही. त्या दिवशी तीही त्या खोलीत होती.