मोठ्यांच्या मापाचा आकडा

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता शमीम मुजावर यांच्या टेबलावरचा संगणक काढून नेण्यात आला. दुपारी त्यांना तळघरात बसायला सांगितलं. मंगळवारी मुलांच्या सीटी स्कॅनचा तक्ता माझ्या सहीने गेला. चार महिन्यांनी त्या वारल्या.

गुरुग्राममधल्या एका खासगी रुग्णालयात त्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होत्या आणि मी त्यांचा सहायक. यंत्रं तपासायची, रुग्णाला किती किरणोत्सर्ग मिळाला त्याची नोंद ठेवायची, हे आमचं काम. त्या मूळच्या मिरजेच्या, मी पुण्याचा. विभागात सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी शमीमताई. मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो.

मी रुजू झालो त्या दिवशी त्या सीटीच्या खोलीबाहेर एका तीन वर्षांच्या मुलीच्या पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजत होत्या. मुलीच्या आईने विचारलं, "दीदी, फ्रॉक सिलवानी है क्या?"

"हां जी," शमीमताई मान वर न करता म्हणाल्या, "मशीन ने पापा का कुर्ता पहना दिया है, छोटा करना है।"

आई हसली. मला मात्र काही कळलं नाही. चहाच्या वेळी त्यांनी समजावलं. स्कॅन झाल्यावर पडद्यावर डोसचा आकडा येतो. तो त्या मुलाचा नसतो. मोठ्या माणसाच्या धडाएवढा प्लास्टिकचा गोल ठोकळा यंत्रात ठेवला असता, तर त्याला किती डोस मिळाला असता, त्याचा तो आकडा. लहान अंगात किरण वरच्या थरांत फारसे न अडता आतपर्यंत जोराने पोहोचतात, त्यामुळे मुलाला मिळालेला खरा डोस दुपटीहूनही जास्त असू शकतो. घेर मोजला की तक्त्यातून गुणक काढता येतो, आणि त्याने गुणलं की मुलाच्या अंगाचा आकडा हाती येतो.

"यंत्र खोटं बोलत नाही रे अभय," त्या म्हणाल्या. "ते ठोकळ्याबद्दल बोलतं. आपण मुलाबद्दल ऐकतो."

त्यांना हवं होतं ते इतकंच: मुलांच्या नोंदीत गुणलेला आकडा लिहायचा आणि तो पाहून यंत्राची मात्रा उतरवायची. आमच्याकडे मुलांसाठी वेगळी मात्रा ठरवलेली होती, पण ती कुणी लावत नसे. चित्र जरा दाणेदार आलं की डॉक्टर कुरकुरत, आणि बोलणी खावी लागत ती तंत्रज्ञ सतबीरला. तो रोहतकचा, मनाने चांगला. "मैडम, फोटू साफ आनी चाहिए, नहीं तो डाँट मन्ने पड़ै है।"

"सतबीर, लग्नाचा अल्बम करायचाय का?" हे त्या मराठीतच विचारत. त्याला ते बरोबर समजत असे.

त्या स्कॅनच्या विरोधात होत्या असं मागाहून सांगितलं गेलं. ते खरं नाही. स्कॅनला घाबरलेल्या आईबापांना त्या स्वतः समजावून आत पाठवत. "औषध आहे म्हणून बाटली तोंडाला लावतो का आपण? चमचा असतो ना?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

प्रकरण परीवरून पेटलं. परी पाच वर्षांची, पोटात गाठ असलेली. तिचे वडील मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला होते. सहाव्या स्कॅननंतर त्यांनी विचारलं, "मैडम, अब तक कुल कितना हुआ?" आमच्या विभागात या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं: चिंता की बात नहीं है। शमीमताईंनी कागद घेतला, सहाही स्कॅनचे दोन-दोन आकडे लिहिले, पडद्यावरचा आणि परीचा, आणि फरक का आहे ते खाली हिंदीत दोन ओळींत लिहून सही केली. "इलाज मत रोकना," असंही बजावलं. वडिलांनी इलाज थांबवला नाही. तो कागद घेऊन ते विभागप्रमुखांकडे गेले आणि पुढचा स्कॅन कमी मात्रेत करा म्हणाले.

त्याच आठवड्यात गुणवत्तेच्या प्रमाणपत्रासाठी मुलांच्या डोसचा तक्ता पाठवायचा होता. शमीमताईंनी तो गुणलेल्या आकड्यांनी भरला, तसं वर लिहिलंही. विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं, मलाही बसवून घेतलं.

"शमीमजी, स्क्रीन पर जो है वही लिखिए ना। उसमें झूठ क्या है?"

"कुछ नहीं सर। सिर्फ़ बच्चा नहीं है उसमें।"

सोमवारी त्यांची रवानगी तळघरात झाली. काम दिलं कर्मचाऱ्यांच्या छातीवर लावायचे, त्यांना मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारे बॅज वाटण्याचं आणि गोळा करण्याचं. मंगळवारी विभागप्रमुखांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. "तुम भी तो फ़िज़िसिस्ट हो, यार।" मी पडद्यावरचे आकडे त्यात उतरवले आणि सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं. मला भांडता येत नाही, आणि पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या भित्रेपणासाठी सभ्य शब्द चटकन सापडतात, एवढंच.

संध्याकाळी तळघरात जाऊन मी त्यांना सांगितलं. त्या बॅज मोजत होत्या. मोजणं पुरं करून म्हणाल्या, "अच्छा. उतरवताना आकडे तरी चुकवले नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं. चहा घेणार?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर चार महिने रोज त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलल्या. एकदाच, माझ्या छातीला बॅज अडकवता अडकवता म्हणाल्या, "बघ, आपल्याला मिळालेला कणन् कण मोजला जातो. आपण पगारी आहोत आणि मोठे आहोत."

ऑक्टोबरात त्यांना डेंग्यू झाला. दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, सातव्या दिवशी त्या गेल्या. मिरजेहून भाऊ पोहोचेपर्यंत जनाजा थांबवला होता. कबरस्तानात विभागातून सतबीर आणि मी, दोघेच होतो. विभागातली शोकसभा पुढच्या आठवड्यात, सोयीच्या वेळी झाली. विभागप्रमुख इंग्रजीत बोलले. मुलांवर शमीमताईंचं फार प्रेम होतं, असं म्हणाले. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर नवं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. मी उठून काही बोलेन असं मला वाटलं होतं. दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली, ती मीही पाळली.

परीचे वडील पुढच्या स्कॅनला आले तेव्हा त्यांनी मॅडमबद्दल विचारलं. मॅडम गेल्या, असं मी सांगितलं. त्यांनी हात जोडले. मग विचारलं, "तो अब बच्ची का हिसाब आप लिखेंगे?" मी हो म्हणालो.

आता शमीमताईंच्या जागेवर मी आहे. मुलांचा तक्ता दर तीन महिन्यांनी माझ्या सहीने जातो. त्यात पडद्यावरचे आकडे असतात.