चार भाज्यांची एकच नोंद

विषय : शास्त्रज्ञांच्या जेवणात झालेल्या माझ्या फजितीबाबत.
संदर्भ : अकोल्याहून आलेला मुलीचा फोन.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की… अहो, कळवू कोणत्या तोंडाने? ऐकाच आता.

माझी मुलगी अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिची शास्त्रज्ञ मंडळी दर फेब्रुवारीत एका थोर जीवशास्त्रज्ञाचा वाढदिवस करतात. त्याला ना सुट्टी, ना शासन निर्णय, नुसतं जेवण! ज्याच्या डब्यात जास्तीत जास्त प्रजातींचे जीव, तो जिंकला. यंदा घरच्यांनाही बोलावणं होतं. बक्षीस? पुढल्या वर्षी परीक्षकाची खुर्ची!

छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खुर्चीसमोर फाइल धरून उभा होतो. ही खुर्ची मी सोडणार होतो का?

अमरावतीच्या बाजारातून चार भाज्या आणल्या. पानकोबी, फुलकोबी, नवलकोल आणि कुणीच आणणार नाही अशी ब्रोकोली. बायकोला म्हटलं, "नुसत्या उकड. मीठ टाक, बस."

"काहून? फोडणी तरी देऊ द्या!"

"नोंदीत भेसळ नको. एक डबा, एक जीव."

"मंग तुमीच खा," ती म्हणाली.

चार डबे, चार चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर माझी सही. एसटीतही मांडीवरून हलू दिले नाहीत.

जठारपेठेत मुलीच्या घरी जेवणाला पोचलो, तर अकोटचे आमचे व्याही आधीच हजर. हातात एकच डबा!

"काय इवाई, चार डबे? दुकान टाकून राहिले काय?"

"तुम्ही काय आणलंत?"

"मले काय मालूम? घरून पातोडीचा रस्सा देल्ला."

एकच भाजी! मला त्यांची दया आली हो.

परीक्षक आमची मुलगीच. माझे डबे उघडून ती ओठ चावत म्हणाली, "बाबा, एक."

"एक काय?"

"एकच प्रजाती. या चारही भाज्या माणसानं एकाच रोपापासून वेगवेगळ्या वाढवल्या."

"अन् मीठ?"

"मीठ जीव नाही, बाबा!"

मग तिने रस्सा चाखत बोटांवर मोजायला सुरुवात केली. बेसनाचा हरभरा, कांदा, लसूण, अद्रक, मिरची, हळद, जिरं, लवंग, खसखस, तीळ, खोबरं… थांबायलाच तयार नाही! धने आणि वरचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, यांना मात्र मिळून एकच गुण दिला, मुलगी न्यायाची आहे. पण पुढे म्हणाली, "दगडफुलाचे दोन. त्यात बुरशी अन् शेवाळ एकत्र राहतात."

एकूण वीस! शास्त्रज्ञांच्या डब्यांपेक्षाही जास्त!

"असं हाय काय?" व्याही म्हणाले. "मी तं पोळीसंगं खातो फक्त."

उकडलेल्या भाज्यांना कुणी हात लावला नाही. परतल्यावर तीन दिवस मीच खाल्ल्या. चौथ्या दिवशी फेरमोजणीचा अर्ज लिहून मुलीकडे पाठवला. तिने तो नियमाप्रमाणे नव्या परीक्षकांकडे, म्हणजे आमच्या व्याह्यांकडे, अकोटला वर्ग केला.

अर्ज प्रलंबित आहे.